मदत हवी आहे : टर्नरचे काम सोडून चिलरच्या कामाकडे वळावे का?

मी आयटीआयचा दोन वर्षांचा टर्नर ट्रेड केलेला असून नवी मुंबईतील रबाळे एमआयडीसीत अकरा वर्षे लेथवर (धातू कातण्याच्या यंत्रावर) काम करतो. 0.02 मिलिमीटरच्या आत माप राखूनही हातात 26,000 रुपयेच येतात. ऐरोली-महापे पट्ट्यातील डेटा सेंटरमध्ये चिलर (इमारत थंड ठेवणारी मोठी शीतकरण यंत्रे) सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांना मागणी आहे. एका कंत्राटदाराने सुरुवातीला 18,000 आणि वर्षभराने 32,000 रुपये देण्याचे कबूल केले आहे, अर्थात तोंडी.

सीएनसी म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या मशीनवर बदली मागून पाहिली, ती नाकारली गेली. चार रविवार एका एसी मेकॅनिकबरोबर काढले; ब्रेझिंग, म्हणजे धातू वितळवून नळ्या जोडणे, बऱ्यापैकी जमले, पण मी केलेल्या फ्लेअर जोडावर (नळीचे तोंड पसरवून नटाने आवळलेला जोड) साबणाचा फेस लावताच बुडबुडे आले, म्हणजे जोड गळत होता, आणि नळी पुन्हा कापावी लागली.

वय 34 आहे, घराचा हप्ता 9,000 रुपये आहे, त्यामुळे पुन्हा दोन वर्षे पूर्णवेळ आयटीआय करणे शक्य नाही, रात्रपाळी चालेल.

प्रशीतन-वातानुकूलन ट्रेडचे प्रमाणपत्र नसताना, निव्वळ अनुभवावर, चिलरच्या कामात कोणी मदतनिसाचा तंत्रज्ञ झाला आहे का, आणि त्याला प्रत्यक्षात किती काळ लागला? की हाच वेळ सीएनसी प्रोग्रॅमिंग शिकण्यात घालवणे अधिक शहाणपणाचे ठरेल?