९५ ऑक्टेनने पिकअप वाढतो, या दाव्याविषयी

घाटवाट:
काल एका सदस्याने लिहिले की साधे पेट्रोल भरणे हा इंजिनावर अन्याय असून दर तिसऱ्या टाकीला ९५ किंवा १०० ऑक्टेन भरल्यास गाडी ‘मोकळी’ होते. त्याखालची सहमतीची रांग पाहून राहवले नाही. ऑक्टेन हा ताकदीचा आकडा नाही. ठिणगीची ज्वाला पोहोचण्याआधीच दाबलेले मिश्रण आपोआप पेटले की इंजिन खटखटते. इंधन तसे पेटण्यास किती विरोध करते, एवढेच तो आकडा सांगतो. ज्या इंजिनाची रचना ९१ ऑक्टेनसाठी झाली आहे, त्याचे कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण दाबण्याचे प्रमाण, १०० भरल्याने वाढत नाही. गाडीच्या पुस्तिकेत किमान आकडा छापलेला असतो आणि तो पाळणे पुरेसे आहे. माझ्या हॅचबॅकने साध्या पेट्रोलवर १,४०,००० किलोमीटर पूर्ण केले आहेत.

टर्बोवाला:
आपली हॅचबॅक म्हणजे सगळ्या गाड्या नव्हेत. मे २०२२ मध्ये चार माणसे आणि सामान घेऊन मी पोलादपूरहून आंबेनळी घाट चढत होतो. एसी चालू होता, दुसरा गिअर होता आणि गाडी अक्षरशः अडून बसल्यासारखी वाटत होती. परतल्यावर ९५ भरले आणि पुढच्या आठवड्यात त्याच घाटात ती सहज चढली. माझ्या गाडीसारख्या, हवा दाबून आत भरणाऱ्या टर्बो इंजिनात दाब आणि उष्णता दोन्ही जास्त असतात. खटखट जाणवताच नॉक सेन्सर ठिणगी उशिरा पाडतो, त्यामुळे इंजिन वाचते पण ताकद घटते. हा भास नाही.

प्रवासी_सॅनहोजे:
येथे अमेरिकेत पंपावर ८७ ऑक्टेन लिहिलेले पाहून भारतातून आलेले नातेवाईक दचकतात. हा आकडा आरओएन आणि एमओएन या ऑक्टेनच्या दोन मोजमापांची सरासरी असतो. भारतात सांगतात तो फक्त आरओएन, आणि तो एमओएनपेक्षा मोठा असतो, म्हणजे येथील ८७ हे साधारण तुमच्या ९१ च्या बरोबरीचे आहे. एएए या मोटारचालकांच्या संघटनेने २०१६ मध्ये केलेल्या चाचण्यांत, साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्यांना जास्त ऑक्टेनच्या प्रीमियम पेट्रोलचा फायदा आढळला नाही.

जुनी_गाडी:
तुम्ही सगळे ९१ वर भांडता आहात, पण पंपावर ९१ उरले आहे कुठे? ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानेच सांगितले की ई-२० मुळे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळल्यामुळे, साध्या पेट्रोलचा आरओएन ९५ झाला आहे. इथेनॉलचा ऑक्टेन सुमारे १०८ असतो, हे मान्य. मात्र त्याच्या एका लिटरमधील ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी असते. माझ्या २०१२ च्या गाडीचे ॲव्हरेज १६ वरून १४ वर आले आणि इंधनाची रबरी नळी तडकली. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. आम्ही जुन्या गाड्या समुद्रात बुडवायच्या का?

कृष्णाकाठ:
ज्यांच्या घरी उसाच्या बिलासाठी वर्षभर वाट पाहिली गेली नाही, त्यांना इथेनॉल हा फक्त नळीचा प्रश्न वाटतो. माझ्या वडिलांनी माझ्या बहिणीचे लग्न थकलेल्या बिलामुळे पुढे ढकलले होते. आज कारखान्याकडे इथेनॉलचा पैसा येतो आणि बिल वेळेवर मिळते. शिवाय नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या चारचाकींच्या ॲव्हरेजमध्ये ई-२० मुळे ६ ते ७ टक्के घट अपेक्षित होती. तुम्ही १२ टक्क्यांहून अधिक सांगता, तेव्हा टायरमधील हवा आणि एअर फिल्टर तपासलेत का?

जुनी_गाडी:
तपासले आहे. मेकॅनिकने नळी हातात देऊन दाखवली आहे आणि पैसे माझ्या खिशातून गेले आहेत. शेतकऱ्याला भाव मिळावा, यासाठी सरकारने उघडपणे अनुदान द्यावे. ते माझ्या टाकीतून का वसूल करावे? एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे भाग ई-२० सोसतील असे बनवले आहेत. आमच्यासाठी वेगळा पंप ठेवणे अशक्य नव्हते.

कृष्णाकाठ:
बहिणीच्या लग्नाबद्दल आपण एक शब्द बोलला नाहीत. जुन्या गाड्यांसाठी वेगळा पर्याय असायला हवा होता, इतके मी मान्य करतो, त्यापुढे नाही.

घाटवाट:
कृपया ऑक्टेनकडे परत येऊ. टर्बोवाला, घाटातील उष्णता आणि भार यांमुळे तुमच्या इंजिनाला जास्त ऑक्टेनचा उपयोग झाला असावा. मी सगळी इंजिने एकाच मापात मोजली, ती चूक होती. पण तुमचा अनुभव २०२२ चा आहे, तेव्हा साधे पेट्रोल ९१ चे होते. आज साधेच ९५ असेल, तर त्याच ९५ साठी जादा पैसे का द्यायचे? महाग पेट्रोलमधील इंजिन साफ ठेवणारी रसायने हवी असतील तर तसे म्हणा, पण पिकअपचे नाव पुढे करू नका.

टर्बोवाला:
पुस्तिका काढून पाहिली. किमान ९१ असेच लिहिले आहे, हे सांगताना आनंद होत नाही. येत्या मे महिन्यात तेवढेच सामान आणि तेवढीच माणसे घेऊन साध्या ई-२० वर आंबेनळी चढून पाहीन. गाडी अडली, तर येथेच लिहीन आणि तेव्हा आपण शब्द मागे घ्यायचे.

घाटवाट:
मान्य. ॲव्हरेजही मोजून लिहा, कारण जुनी_गाडी यांच्या त्या तक्रारीला माझ्याकडे उत्तर नाही.