जनगणनेतले 'परदेशातून आलेले' : स्थलांतरित, आप्रवासी की परदेशी नागरिक?

प्रश्न : जनगणनेच्या डी-१ तक्त्यात 'भारताबाहेर जन्मलेले' आणि डी-२ मध्ये 'मागील निवास भारताबाहेर' असे दोन आकडे येतात. २००१ साली पहिला सुमारे ६१ लाख होता, दुसरा सुमारे ५१ लाख. दोघांनाही 'आप्रवासी' म्हणायचं का? बातम्यांत तर सरसकट 'परदेशी नागरिक' असतं.

प्रतिसाद १ : 'परदेशी नागरिक' तर नकोच. २०११च्या कुटुंबपत्रकात, म्हणजे जनगणनेच्या घरोघरी भरल्या जाणाऱ्या प्रश्नावलीत, नागरिकत्व विचारलंच नव्हतं. ज्याची नोंदच नाही, ते आकड्याच्या माथी मारू नये.

आता दहा लाखांचा फरक. १९४५ साली कराचीत जन्मलेली, फाळणीनंतर उल्हासनगरच्या छावणीत आलेली आणि १९९० साली पुण्याला गेलेली बाई घ्या. डी-१ मध्ये ती पाकिस्तानात जन्मलेली. डी-२ फक्त शेवटचा मुक्काम बघतो, म्हणजे उल्हासनगर. तिथे ती देशांतर्गत स्थलांतरित ठरते. उलट मुंबईत जन्मून दुबईहून परतलेला माणूस डी-१ मध्ये भारतातच जन्मलेला, पण डी-२ मध्ये परदेशातून आलेला. म्हणून एका तक्त्यातून दुसरा वजा करून काही निष्कर्ष काढू नका.

प्रतिसाद २ : सहमत. डी-१ साठी 'परदेशात जन्मलेले' आणि डी-२ साठी 'परदेशातून आलेले' हेच नेमकं. 'आप्रवासी' म्हटलं की स्थायिक व्हायला आलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. जनगणनेला तो हेतू माहीत नसतो.

शिवाय हा साठा आहे, म्हणजे मोजणीच्या वेळी इथे असलेल्यांची एकूण संख्या; ओघ, म्हणजे ठरावीक काळात येणाऱ्यांची संख्या, नव्हे. 'दरवर्षी इतके येतात' असं त्यावरून लिहिता येत नाही. अलीकडे आलेले हवे असतील, तर डी-२ मधले वास्तव्याच्या कालावधीचे गट पाहा : १ वर्षाहून कमी, १ ते ४, ५ ते ९ वर्षं. पण त्यांची बेरीज करून दहाने भागलं, तर वार्षिक आकडा कमीच निघेल, कारण मधल्या काळात येऊन परत गेलेले किंवा वारलेले मोजणीच्या दिवशी सापडत नाहीत. 'कालावधी नमूद नाही' ही ओळही वेगळी दाखवा. ती वगळून टक्केवारी काढली, तर तसं तळटीपेत लिहा.

प्रतिसाद ३ : एक भर. डी-३ मध्ये स्थलांतराची कारणं मिळतात, त्यांत 'विवाह' हे एक. नेपाळातून बिहार-उत्तर प्रदेशात लग्न होऊन आलेल्या बायका तिथे दिसतात. 'घुसखोर' हा शब्द मात्र यातल्या कुठल्याच रकान्यावर बसत नाही. माणूस कोणत्या कागदपत्रांवर आला, हे प्रगणक विचारत नाही.