मदत हवी आहे: राजकीय वगनाट्य, मंजूर संहिता आणि अनुदान

नाटकाची संहिता प्रयोगाआधी तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र संहितेला मिळतं. पण वगातली बतावणी, म्हणजे सोंगाड्याचे विनोदी संवाद, रोजच्या बातमीवर चालते. आज पक्षांतर, उद्या खड्डे, परवा पूल. मंजूर पानांत नसलेलं वाक्य रंगमंचावर आलं की तक्रार करणाऱ्याच्या हातात आयतं कोलीत मिळतं. सोंगाड्याचे प्रसंग ‘विषय बदलता’ असं लिहून, नमुन्याचे दोन-तीन संवाद जोडून कुणी संहिता मंजूर करून घेतली आहे का? की प्रत्येक बदलाला पुरवणी पानं द्यावी लागतात? २०१६ साली अमोल पालेकरांनी या पूर्वपरीक्षणाला उच्च न्यायालयात आव्हान दिलं ते उगाच नाही.

दुसरा भाग पैशाचा, आणि तोच जास्त छळतो. अनुदान प्रयोग झाल्यावर मिळणार असेल, तर नेपथ्य, प्रकाशयोजना, नाट्यगृहाचं भाडं सगळं आधी खिशातून जातं. ऐनवेळी पालिकेने ‘कायदा-सुव्यवस्थे’चं कारण देऊन तारीख काढून घेतली, तर प्रयोगही नाही आणि अनुदानही नाही. बंदीचा कागद कुठेच नसतो, फक्त फोन येतो. म्हणून रद्द करण्याचं कारण लेखी मागणाऱ्या अर्जाचा मसुदा हवा आहे. त्यात ‘भोबिष्योतेर भूत’ या बंगाली व्यंगपटाचा निकाल घालायचा आहे: तो चित्रपटगृहांतून असाच लेखी बंदीशिवाय उतरवला गेला, म्हणून २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगाल सरकारला २० लाखांची भरपाई द्यायला लावली. नाटकाच्या बाबतीत हा निकाल वापरलेले कुणी वकील इथे आहेत का?