लॅक ओपेरॉन: रिप्रेसरला नेमकं काय चिकटतं?

लॅक ओपेरॉन म्हणजे ई. कोलाय जिवाणूतला, लॅक्टोज (दुधातली साखर) पचवायला लागणाऱ्या जनुकांचा गट. रिप्रेसर हे प्रथिन डीएनएवर बसून ती जनुकं दाबून ठेवतं. ‘लॅक्टोज रिप्रेसरला चिकटतं आणि जनुकं सुरू होतात’ असं आधी कुणीतरी लिहिलंय, त्यात थोडी भर. पेशीत हे चिकटायचं काम करतं ॲलोलॅक्टोज, म्हणजे लॅक्टोजचंच थोडं बदललेलं रूप. ते लॅक्टोजपासून बनवतं बीटा-गॅलॅक्टोसिडेज, म्हणजे ज्याचं जनुक रिप्रेसरने दाबून धरलंय तेच एन्झाइम! जमतं कसं? दाब कधीच पूर्ण नसतो. एन्झाइमचे मोजके रेणू पेशीत असतातच. मला तर यातला हाच भाग सगळ्यात सुंदर वाटतो. ॲलोलॅक्टोज बसलं की रिप्रेसरचा आकार बदलतो आणि डीएनएवरची पकड सुटते.

ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचं बरोबर उलटं. ते चिकटलं तरच ते बनवणारी जनुकं दाबणारा रिप्रेसर डीएनए धरतो.

कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्यांच्या पोटात हे घडतं का, असंही कुणी विचारलंय. लहान आतड्यात न पचलेलं लॅक्टोज पुढे गेलं, तर मोठ्या आतड्यातल्या ई. कोलायमध्ये घडू शकतं. मात्र सोबत ग्लुकोज असेल तर ही जनुकं मंदच चालतात.

इथे कोल्हापुरात प्रॅक्टिकलला आम्ही आयपीटीजी हे ॲलोलॅक्टोजसारखं कृत्रिम रसायन वापरतो. ते रिप्रेसरला सोडवतं, पण जिवाणू ते खाऊन संपवत नाहीत, त्यामुळे प्रमाण टिकून राहतं.