वह्या भरतात, पण हात सुधारत नाही

शाईचाडाग: आर्ट कॉलेजच्या फाउंडेशनला, म्हणजे पायाभूत वर्षाला आहे. रोज 20 स्केचेस दाखवावी लागतात. लोकलमध्ये, एसटी स्टँडवर बसून काढते. तीन वह्या संपल्या, माणसं अजून बाहुल्यांसारखी ताठच. नुसता आकडा भरतेय का मी?

जुनाबोरू: खरं सांगू? हो. मीही तेच केलंय. तोंडापासून सुरुवात करायचो, मग खाली जागा संपायची आणि पाय पानाबाहेर! एकदा मंडईत कांद्याची पोती वाहणाऱ्या हमालाला तासभर नुसतं बघत बसलो. पोतं पाठीवर आलं की तो कमरेतून वाकतो, डोकं पावलांच्या पुढे जातं. नाही वाकला तर मागे आडवाच होईल. ती तिरकी रेष आधी टाकली आणि कागदावर पहिल्यांदा वजन आलं. चेहरा काढलाच नाही. एकाच माणसाची आठ पानं कर, आठ माणसांची नको.

हिरवीरेघ: जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज निसर्गचित्रकाराची 1814 ची वही बघ. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, खिशात मावेल एवढीशी. त्यात 7 सप्टेंबरचं, होडी बांधतानाचं पेन्सिलचं चित्र आहे. त्यावरूनच त्याचं त्या विषयावरचं तैलचित्र झालं.

शाईचाडाग: म्हणजे खोडरबर घरी ठेवू?

जुनाबोरू: ठेवच. आणि पाऊस असेल तर छत्र्या काढत बसू नकोस, त्या धरलेले हात काढ. वही भिजली तर भिजू दे, माझ्या निम्म्या वह्यांवर चहा सांडलाय.