शब्द हवा आहे : रिसेप्टर सक्रिय ‘होतो’, ‘केला जातो’ की ‘असतो’?

गंगापूररोडकर :
मंडळी, एक अडलंय. नाशकातल्या एका रुग्णालयाचं नातेवाइकांसाठीचं माहितीपत्रक मराठीत करतेय. विषय ग्लायोब्लास्टोमा, मोठ्या माणसांच्या मेंदूत होणारी सर्वांत आक्रमक जातीची गाठ. मुद्दा असा, की या गाठीच्या पेशींवरचे काही रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा निरोप पकडून आत पोचवणारे रेणू, बाहेरून काहीही येऊन चिकटलं नाही तरी ॲक्टिव्हेटेड राहतात. माझ्या हातात आलेल्या जुन्या मसुद्यात ‘पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहक आपोआप सक्रिय होतात’ असं होतं. नियमाप्रमाणे ते दुसऱ्या कुणाकडून उलट इंग्रजीत करून घेतलं, तर ‘ग्राहक’चा झाला कस्टमर! तर रिसेप्टरला काय म्हणू, आणि ॲक्टिव्हेट होण्याला काय? शासकीय कोशातलं नको. सिन्नरहून वडिलांना घेऊन आलेल्या मुलाला एका वाचनात कळलं पाहिजे.

भाषाभक्त_भगूर :
ग्राही. विषय संपला. ग्रह् धातू, ग्रहण करणारा तो ग्राही. ‘गृह’सुद्धा त्यातूनच, माणसाला सामावून घेतं म्हणून. आमच्या भगूरच्या सावरकरांनी महापौर आणि दिनांक हे शब्द दिले तेव्हाही लोक हसले होते. आज महापौर म्हणताना कुणाची जीभ अडखळते?

वैद्य_पंचवटी :
भाषाभक्त, दमानं घ्या. ग्राही हा शब्द आमच्याकडे आधीपासून नोकरीला आहे. शार्ङ्गधरसंहितेत द्रव शोषून मल बांधणाऱ्या द्रव्याला ग्राही म्हटलंय. सुंठ, जिरं, गजपिंपळी ही उदाहरणंही तिथलीच. उद्या कुणी पत्रक घेऊन माझ्या दारात येईल, ‘बाबांच्या मेंदूत ग्राही वाढलंय, सुंठ बंद करू का?’

भाषाभक्त_भगूर :
वैद्यबुवा, रस म्हणजे तुमच्याकडे पारा, आमच्या घरी आंब्याचा, आणि काव्यशास्त्रात नऊ. कुणाचं अडलं? एका शब्दाने दोन घरी काम केलं तर बिघडत नाही.

मेनरोडचा_वाचक :
रिसेप्टरच राहू द्या की. शास्त्रज्ञ पॉल एर्लिखने १९०० च्या सुमारास जर्मनमध्ये रुळवलेला शब्द, मूळ लॅटिन. इंग्रजांनी तो सोवळ्यात घेतला नाही, तसाच उचलला. आपणच का कपडे बदलायला लावतो?

पॅथॉलॉजीवाला :
नावावर भांडा, पण क्रियापदाकडे लक्ष द्या, खरी गोम तिथे आहे.

ईजीएफआर हा रिसेप्टर घ्या. साधारण निम्म्या ग्लायोब्लास्टोमांत त्याचं जनुक बदललेलं तरी असतं किंवा त्याच्या प्रती भरमसाट वाढलेल्या तरी असतात. निरोगी पेशीत हा रेणू पेशीपटलाच्या आरपार रोवलेला असतो, तोंड बाहेर, शेपूट आत. बाहेर ईजीएफ (एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर) नावाचं प्रथिन चिकटलं की त्याची घडी उलगडते. उलगडला की तसाच दुसरा रेणू शेजारी येऊन जोडी जमते. मग एकाचा आतला भाग दुसऱ्याला टेकून त्याला कामाला लावतो आणि शेपटीवरच्या टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लांवर फॉस्फेट चढतं. त्या फॉस्फेटांवर आतली प्रथिनं येऊन बसतात आणि ‘वाढा, विभागा’ हा निरोप पुढे जातो. आता सांगा, यातलं ॲक्टिव्हेशन कुठलं? चिकटणं, जोडी जमणं की फॉस्फेट? आम्ही सगळ्यालाच तो शब्द वापरतो आणि कुणी विचारलं की चिडतो.

ताईंच्या पत्रकातला बहुधा ईजीएफआरचा व्ही-थ्री हा बिघडलेला प्रकार असणार. त्यात जनुकाचे २ ते ७ हे एक्सॉन, म्हणजे प्रथिनाचा मजकूर असलेले तुकडे, गळालेले असतात. बाहेरच्या भागातली २६७ अमिनो आम्लं नाहीशी, म्हणजे ईजीएफ चिकटायची जागाच मोडलेली. तरी आतलं काम चालू. जोर बेताचा, पण थांबणं नाही. शिवाय एरवी काम झालेला रिसेप्टर पेशी आत ओढून मोडीत काढते, याच्या बाबतीत तेही नीट होत नाही. म्हणून ‘आपोआप सक्रिय होतात’ चालणार नाही. ते होत नाहीत, असतात.

गोदाकाठचा :
चेतवणे! चूल चेतवतात तसं. साधा रिसेप्टर चेतवला जातो, हा सदाचेता. आजी म्हणायची, विस्तव चेतवायला फुंकर लागते.

वैद्य_पंचवटी :
मेंदूच्या पत्रकात ‘चेत’ नको. चेता म्हणजे नर्व्ह, चेतापेशी म्हणजे न्यूरॉन. वाचणाऱ्याला वाटेल की चेतापेशींबद्दलच चाललंय.

पॅथॉलॉजीवाला :
गंमत म्हणजे एका ठिकाणी तेच खरं आहे. २०१९ मध्ये नेचर नियतकालिकात आलेल्या शोधनिबंधांत दिसलं, की चेतापेशी ग्लायोमाच्या (ग्लायोब्लास्टोमा ज्यातला एक, त्या गाठींच्या) पेशींशी चक्क सिनॅप्स, म्हणजे चेतापेशी एकमेकींना निरोप देतात तसले सांधे, जोडतात. ग्लुटामेट हे निरोप नेणारं रसायन सुटतं, गाठीच्या पेशीवरच्या एएमपीए रिसेप्टरला लागतं आणि गाठ त्यावर वाढते. म्हणजे ‘चेतापेशी गाठीच्या पेशीला चेतवते’ हे वाक्य शब्दशः बरोबर! पण तो रिसेप्टर वेगळा, आयनांना वाट करून देणारा. ताईंचा नव्हे.

निफाडचा_बागायतदार :
डॉक्टरसाहेब, तुमचं सगळं कळलं असं नाही, पण होतो-असतो वरून सांगतो. द्राक्षाची गोडी छाटणी झाली की आम्ही काडीवरच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब निघतात त्या जागांना, पेस्ट लावतो, म्हणजे सगळे एकदम फुटतात. याला ‘डोळे फोडून घेतले’ म्हणायचं. पेस्ट न लावता एखादा डोळा स्वतःच्या मर्जीनं निघाला, तर ‘फुटला’. फोडला आणि फुटला. नवा शब्द कशाला पाहिजे, क्रियापद हलवलं की अडाण्यालाही कळतं कुणी काय केलं ते.

भाषाभक्त_भगूर :
म्हणजे कॅन्सरचा रिसेप्टर फुटला म्हणायचं? वाचणारा घाबरून मरेल.

निफाडचा_बागायतदार :
मी शब्द नाही सांगत काका, पद्धत सांगतोय.

पॅथॉलॉजीवाला :
डोळ्यांवरून आठवलं. ईजीएफ सापडलं ते डोळ्यांमुळेच. स्टॅनली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिलांना टोचला, तर त्यांच्या पापण्या ठरल्या वेळेआधीच उघडल्या, दातही लवकर आले. त्यावरून त्यांनी हा वाढ घडवणारा घटक वेगळा काढला. १९८६ चं नोबेल त्यांना आणि रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना मिळून मिळालं. नावात एपिडर्मल आलं ते त्या पापण्यांच्या कातडीमुळे.

भाषाभक्त_भगूर :
मग नावही मराठीत घ्या. अधित्वचावृद्धिघटकग्राही.

मेनरोडचा_वाचक :
हे उच्चारेपर्यंत पेशीचं विभाजन होऊन जाईल.

इंदिरानगर_२२ :
मी फक्त वाचत होतो, पण विचारतोच. आमच्या घरातल्या एकांना ही गाठ होती. काकांना मात्र फुप्फुसाचा कॅन्सर, त्यांना ईजीएफआरच्या गोळीने बरेच महिने छान गेले. मग रिसेप्टर तोच असून मेंदूत ती गोळी का देत नाहीत? शब्द कुठलाही घ्या, पण पत्रकात हे लिहा. नातेवाईक रात्री जागून हेच शोधत असतात.

पॅथॉलॉजीवाला :
बरोबर प्रश्न आहे. फुप्फुसात बिघाड बहुतेक रिसेप्टरच्या आतल्या भागात असतो आणि त्या गोळ्या नेमक्या त्या बिघडलेल्या आकारावर घट्ट बसतात. ग्लायोब्लास्टोमात बिघाड बाहेरच्या भागात. आतला भाग दिसायला धड, पण त्याची ठेवण अशी झालेली असते की त्या गोळ्यांची पकड नीट बसत नाही. त्यात मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत औषध पुरेसं आत सोडत नाही. एर्लोटिनिब, जेफिटिनिब ही त्यातलीच औषधं मेंदूत वापरून पाहिली, उपयोग झाला नाही. व्ही-थ्रीवर नेम धरलेल्या लशीची मोठी चाचणीसुद्धा अपेशी ठरली, २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष आले.

इंदिरानगर_२२ :
धन्यवाद डॉक्टर. हे आम्हाला त्या वेळी कुणी मराठीत सांगितलं नव्हतं.

गंगापूररोडकर :
हे बघा कसं वाटतं : ‘एरवी हे रिसेप्टर एखादा ठरावीक पदार्थ चिकटल्यावरच जागे होतात. या गाठीत मात्र काही रिसेप्टर, काहीही न चिकटता, कायम जागेच असतात.’

वैद्य_पंचवटी :
वाक्य सुरेख आहे. पण ताई, पेशंट गुंगीत पडलेला, हाक मारली तर डोळे उघडत नाही, आणि मुलगा वाचतोय की बाबांच्या मेंदूत काहीतरी कायम जागं आहे. मला सोसवणार नाही.

गोदाकाठचा :
मग ‘चालू’. कायम चालू असतात.

मेनरोडचा_वाचक :
चालू म्हणजे लबाड पण. कॅन्सरच्या रिसेप्टरला दोन्ही अर्थांनी शोभतंय!

भाषाभक्त_भगूर :
थट्टा पुरे. २०२१ ला याच शहरात साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष जयंत नारळीकर, मराठीतून विज्ञान लिहिणारा माणूस. आणि आपण चालूवर आलो.

निवृत्त_बाई :
सगळे रिसेप्टरवर तुटून पडलात, ‘पेशी’ कुणालाच खटकली नाही? विश्वकोशात ‘कोशिका’ आहे. हिंदीत पेशी म्हणजे स्नायू. देवळालीला माझी शेजारीण हिंदी बोलते, ती ‘मेंदूच्या पेशी’ ऐकून म्हणाली, मेंदूत मसल असतात का?

मेनरोडचा_वाचक :
बाई, हिंदीवाल्यांचा स्नायू आपला स्नायू नाही, आपली पेशी त्यांची पेशी नाही. त्यांच्या कोशावरून आपण आपली घडी का मोडायची?

निवृत्त_बाई :
कोशिका हिंदी नाही हो, संस्कृत आहे.

मेनरोडचा_वाचक :
पेशीही संस्कृतच. पुढे?

गोदाकाठचा :
बागायतदार, ‘गोडी छाटणी’ कळली, फळ गोड होतं म्हणून. पण एप्रिलच्या छाटणीला ‘खरड’ का म्हणतात? खरडा म्हणजे कच्चा मसुदा, त्यावरून ना? एप्रिलला कच्ची, ऑक्टोबरला पक्की?

निफाडचा_बागायतदार :
मसुदा कसला! वेल खरडून काढतात, एकेक डोळा ठेवून, म्हणून खरड.

भाषाभक्त_भगूर :
खरड हा मूळ शब्द फारसी नसेल ना, एवढं आधी बघा.