टाइप-सीची सक्ती: सोय झाली की पुढची वाट अडली?

सिडकोवाला: परवा पंचवटीनं मुंबईला निघालो, नाशिकरोडलाच मोबाईल ५ टक्क्यांवर, शेजारच्या काकांच्या हातात आयफोन बघून म्हटलं आता काही खरं नाही, पण १५ निघाला राव, म्हणजे माझ्यासारखाच टाइप-सी पिनवाला, त्यांची वायर माझ्या स्वस्तातल्या फोनला मस्त बसली. युरोपनं दट्ट्या दिला म्हणूनच ना हे? २८ डिसेंबर २०२४ पासून तिकडं नव्या मोबाईल, टॅबलेट, हेडफोनला टाइप-सी कंपल्सरी, लॅपटॉपला एप्रिल २०२६ पासून. आपल्याकडंही सक्ती करून टाका.

गंगापूररोडकर: काकांचा जुन्या पिनचा १४ असता तर बसला असतास इगतपुरीपर्यंत बोंबलत, मान्य. पण २००९ मध्ये युरोपात कंपन्यांचं मायक्रो-यूएसबीवर, म्हणजे एकाच बाजूनं बसणाऱ्या जुन्या पिनवर, एकमत झालेलं, ते नशिबानं ऐच्छिक होतं. तेव्हाच कायदा करून ठेवला असता तर २०१४ ला आलेल्या दोन्ही बाजूंनी बसणाऱ्या टाइप-सीला कोणी विचारलं असतं का? अजून अंधारात पिन उलटीसुलटी करत बसलो असतो.

सिडकोवाला: आयफोनच्या त्या जुन्या लायटनिंग पिनवर कुठं सक्ती होती? २०१२ ते २०२३, ११ वर्षं आयफोनला तीच पिन आणि डेटाचा वेग शेवटपर्यंत ४८० एमबीपीएसच, जराही वाढला नाही. मोकळीक होती की, मग इनोव्हेशन कुठं गेलं होतं, त्र्यंबकला?

गंगापूररोडकर: एक आळशी निघाला म्हणून सगळ्यांना दावणीला बांधायचं? उद्या कोणी भारी पिन काढली तर ती एकटीच लावून युरोपात फोन विकता येणार नाही, आधी नियम बदलून घ्या. एवढा खर्च कोण करेल?

एमजी रोडचा रिपेअरवाला: तुम्ही दोघं नुसता पोर्ट बघताय. पोर्ट तोच राहून २०२१ ला चार्जिंगची ताकद १०० वॅटवरून २४० वर गेली की, त्यामुळं वाट वगैरे काही अडलेली नाही. खरी बोंब वेगळीच आहे, काल एक गिऱ्हाईक नवा ट्रिमर घेऊन आलं, पोर्ट टाइप-सी, पण दोन्हीकडं सी असलेल्या वायरनं ढिम्म चार्ज होईना, जुन्या चौकोनी यूएसबीच्या वायरनं लगेच सुरू. उघडून बघतो तर बोर्डवर दोन बारके रेझिस्टरच नाहीत, ते नसले की चार्जरला समोर काही जोडलंय हे कळतच नाही. काही पैसे वाचवले बनवणाऱ्यानं. आणि वायरी तर विचारूच नका, दिसायला सारख्या, एक ६० वॅटची, एक २४० ची, एकीवर डेटाच जात नाही.

गंगापूररोडकर: बघ, म्हणजे सक्ती करूनही घोळ तोच. आता ट्रिमरमागं पण इन्स्पेक्टर लावा.

सिडकोवाला: थांब रे. दादा, तसलाच ट्रिमर माझ्याकडं पण आहे, मी खराब म्हणून टाकून देणार होतो.

एमजी रोडचा रिपेअरवाला: टाकू नका, घेऊन या. संध्याकाळी सहानंतर या, दुपारी गर्दी असते.